ती चार पाने परत छापा : आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मराठी शाळेच्या मुलांची यंदाची सहल मॉन्टिचेलोला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांच्या घरी, न्यायची असे आपण ठरवलेत, तेव्हा मला फार आनंद झाला होता. सहलीआधी मुलांच्या हाती द्यायची बारा पानी पुस्तिका लिहिण्याचे काम आपण माझ्याकडे दिलेत आणि मी ते दीड महिना खपून केले. गेल्या रविवारी छापील गठ्ठा शाळेत आला. दोरी सोडून वरची प्रत उघडली, तर पुस्तिका आठ पानांची होती. वर माझे नाव तसेच होते.

काय काय गेले ते मी वर्गाच्या दारातच उभी राहून तपासले : मुख्यतः तिथल्या गुलामांविषयीचा मजकूर. मग आपल्याला फोन केला, ईमेल पाठवली. उत्तर आले ते असे : मुलांची सहल आहे, जड विषय नकोत, शिवाय हा इथल्या लोकांच्या घरातला प्रश्न, आपण त्यात कशाला पडायचे? हे उत्तर मला मान्य नाही. सभासदांच्या वर्गणीतून छापलेल्या पुस्तिकेतून काय वगळले, ते सभासदांना कळले पाहिजे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहे.

मी बावीस वर्षे व्हर्जिनियात राहते. देशाहून कोणी आले की त्यांना मी शार्लट्सव्हिलला, त्या डोंगरावरच्या घरी घेऊन जाते. थॉमस जेफरसन यांनी १७६९ मध्ये ते बांधायला घेतले आणि १८०९ पर्यंत ते पाडत-बांधत राहिले. घर देखणे आहे, यात वादच नाही. आत शिरल्याबरोबर दारावर मोठे घड्याळ दिसते. दोरीला तोफेचे गोळे लटकवलेले आहेत आणि ते उतरता उतरता भिंतीवर लिहिलेला वार दाखवतात. आठवडा मावेल एवढी भिंतीची उंची नव्हती, म्हणून जमिनीला भोक पाडले, आणि शनिवार तळघरात गेला. मुलांना हे घड्याळ नक्की आवडणार. पुस्तिकेत ते आहे, राहू दिलेत, बरे केलेत.

पुढच्याच परिच्छेदात जेवणघर आहे. तिथे चुलाण्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीत लपवलेले, वर-खाली ओढता येणारे छोटे पाळणे आहेत. तळघरातल्या कोठीतून दारूची बाटली पाळण्यात ठेवली की ती वर जेवणघरात येते. एक दार असे आहे की त्याच्या मागच्या अंगाला फळ्या बसवल्या आहेत. त्यावर पदार्थ ठेवून दार फिरवले की ताटे पाहुण्यांसमोर. हा सगळा भाग आपण 'जेफरसन यांची कल्पकता' या मथळ्याखाली ठेवलात. त्याखालचे माझे वाक्य मात्र गेले. ते असे होते : 'खाली पाळण्यात बाटली ठेवणारा माणूस गुलाम होता, आणि ही सोय केल्यामुळे तो पाहुण्यांच्या नजरेस कमी पडायचा.' त्या घराची रचनाच अशी आहे की राबणारी माणसे दिसू नयेत. स्वयंपाकघर, धुणीघर, काहींच्या राहायच्या खोल्या, सगळे गच्चीखाली, उताराच्या पोटात दडवलेले. दोनशे वर्षांनी आपणही आपल्या पुस्तिकेत नेमके तेच केले, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली, शब्दाची. माझ्या मजकुरात जिथे जिथे 'गुलाम' होते तिथे तिथे 'नोकर' झाले आहे. कोणी केले, मला ठाऊक नाही. चांगल्या हेतूनेच केले असेल, मुलांच्या मनाला टोचू नये म्हणून. पण 'जेफरसन यांच्या नोकरांनी विटा भाजल्या' हे वाक्य वाचून त्याच रविवारी दहा वर्षांच्या एका मुलाने मला विचारले, "ताई, मग त्यांना पगार किती होता?" सगळा वर्ग उत्तरासाठी माझ्याकडे बघत होता. त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. नोकराला पगार असतो. पटले नाही तर नोकरी सोडता येते. मालक गेला म्हणून नोकराची बायको विकली जात नाही.

इथे विकली गेली. ४ जुलै १८२६ रोजी जेफरसन वारले तेव्हा त्यांच्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होते. ते फेडायला जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलोवर लिलाव झाला. वर्तमानपत्रात जाहिरात आली : १३० 'मौल्यवान निग्रो', आणि त्यांच्याच यादीत गुरे, पीक, घरातले सामान, स्वयंपाकाची भांडी. जोसेफ फॉसेट तिथला लोहार. जेफरसन यांनी मृत्युपत्रात ज्या पाच जणांना मुक्त केले त्यांच्यात त्याचे नाव होते, पण सुटका व्हायची होती ती मृत्यूनंतर एक वर्षाने. म्हणजे लिलावाच्या दिवशी तो अजून गुलामच होता, आणि बायको-मुलांवर बोली लागत असताना त्याला ती थांबवता येत नव्हती. बायकोचे नाव ईडिथ. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना ती किशोरवयात वॉशिंग्टनला गेली, तिथल्या फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली शिकली, आणि पुढे मॉन्टिचेलोचे सगळे रांधप तिच्याकडे होते. १८२४ मध्ये तिथे जेवून गेलेले अमेरिकी राजकारणी डॅनियल वेब्स्टर यांनी त्या जेवणाची तारीफ लिहून ठेवली आहे. तिची मुले वेगवेगळ्या घरांत विकली गेली. त्यांतला पीटर अकरा वर्षांचा होता.

पीटरचे अर्धे पान मी लिहिले होते, कारण आपल्या वर्गात अकरा वर्षांची सात मुले आहेत. त्याला थोडे वाचता येत होते. नव्या मालकाने बजावले की हातात पुस्तक दिसले तर उघड्या पाठीवर ३९ फटके बसतील. तरी तो शिकत राहिला, इतरांना शिकवत राहिला. दोनदा पळाला, दोनदा पकडला गेला, पुन्हा विकला गेला. शेवटी नातलगांनी पैसे जमवून त्याला सोडवले. ओहायोतल्या सिनसिनाटीत तो बाप्टिस्ट चर्चचा धर्मोपदेशक झाला आणि पळून येणाऱ्या गुलामांना मदत करत राहिला. १९०० साली, वयाच्या पंच्याऐंशीच्या आसपास, तो मॉन्टिचेलोला पुन्हा आला, पाहुणा म्हणून. हे अर्धे पान 'जड' म्हणून गेले. मुलांना वाचून दाखवायला यापेक्षा चांगली गोष्ट मला त्या डोंगरावर सापडलेली नाही.

दुसरी तक्रार सॅली हेमिंग्जच्या पानाबद्दल. ते संपूर्ण काढले आहे आणि कारण दिले आहे 'खासगी बाब'. मी विषयाची जाणीव ठेवूनच लिहिले होते. दोन मुलांची आई आहे मीही. सॅली ही जेफरसन यांच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण. बाप एकच, आई गुलाम, म्हणून मुलगीही गुलाम. चौदा वर्षांची असताना, १७८७ मध्ये, तिला पॅरिसला पाठवले, जेफरसन तेव्हा तिथे राजदूत होते. फ्रान्समध्ये तिला स्वातंत्र्य मागता आले असते. पुढे होणाऱ्या मुलांना मोकळे करण्याचे वचन जेफरसन यांच्याकडून घेऊन ती परत आली, असे तिचा मुलगा मॅडिसन सांगतो. तिची चार मुले मोठी झाली. डीएनए चाचणी १९९८ मध्ये झाली, २००० मध्ये घर सांभाळणाऱ्या संस्थेने स्वतःचा अहवाल काढून जेफरसन हेच त्या मुलांचे वडील असल्याची फार मोठी शक्यता मान्य केली, आणि २०१८ पासून सॅलीची कहाणी सांगणारी खोली सगळ्यांना पाहायला खुली आहे. ज्यांचे घर आहे तेच बोलतात आणि आपण 'खासगी बाब' म्हणतो. मुलांसाठी मी एवढेच सांगितले होते : ती त्या घरात राहत होती, तिची मुले मालकाची मुले होती, आणि तिला नकार देण्याचा कायद्याने हक्क नव्हता. यात अश्लील काय आहे, मला सांगा.

मॅडिसन हेमिंग्जने आपली हकिकत ओहायोतल्या एका वर्तमानपत्राला सांगितली ते साल १८७३. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली युनायटेड स्टेट्समधल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवले त्यांना. जोतीरावांनी व्हर्जिनिया पाहिला नव्हता, परदेशी कधी गेले नव्हते. तरी समुद्रापलीकडच्या माणसांच्या बेड्या तुटल्या हे त्यांना आपल्या घरचे वाटले आणि आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेशी त्यांनी ते जोडले. शिवजयंतीच्या कार्यक्रमात आपण त्यांचा फोटो मांडतो, हार घालतो. आणि त्या घरापासून दोन तासांवर राहून आपण म्हणतो की हा त्यांच्या घरातला प्रश्न.

तो आपलाही आहे, आणखी एका कारणाने. आपल्यातले बहुतेक जण, किंवा आपले आधी आलेले काका-मामा, इथे येऊ शकले ते १९६५ च्या कायद्याने देशावार कोटे मोडले म्हणून. तो कायदा हवेतून आला नाही. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने त्या वर्षांत देशाचे दार जे ढकलले, त्यातून आपणही आत आलो. मॉन्टिचेलोत विकल्या गेलेल्यांचे वंशजही हक्कांच्या लढ्यात होते.

आणि माझे स्वतःचे एक सांगायचे आहे. सातारा जिल्ह्यात आमचा वाडा होता. आजोबांनी घराण्याचा इतिहास एका वहीत लिहून ठेवला आहे : पणजोबांनी वाडा बांधला, विहीर खोदली, देऊळ उभारले. दगड घडवणाऱ्या पाथरवटांचा त्यात उल्लेख नाही. रोज सकाळी परसदाराने येऊन गोठा झाडणारी बाई त्यात नाही. ती ओंजळ पुढे करायची आणि आजी वरून पाणी ओतायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. तिचे नाव मला आठवत नाही. विचारायला आता घरात कोणी उरले नाही. मॉन्टिचेलोत पहिल्यांदा गेले तेव्हा गच्चीखालच्या त्या खोल्या बघताना मला आमचे परसदार आठवले होते. पुस्तिका मी लिहायला घेतली ती या कारणाने, आणि म्हणूनच चार पाने गेली तेव्हा माझ्या जिवाला लागले.

तिसरी तक्रार लहान वाटेल. घराच्या पुढच्या मालकांचे पान 'जागा कमी पडली' म्हणून गाळले. पुस्तिका वाचली तर १८२६ मध्ये जेफरसन वारले आणि लगेच तिकीटखिडकी उघडली असे वाटते. मधली जवळजवळ शंभर वर्षे कुठे गेली? आधी जेम्स बार्कली यांनी घर घेतले आणि रेशमाच्या किड्यांसाठी तुतीची झाडे लावली. मग १८३४ मध्ये उरायाह लेव्ही यांनी २,७०० डॉलरला खरेदी केले. लेव्ही ज्यू होते, अमेरिकी नौदलात वर चढलेले अधिकारी. खलाशांना चाबकाने मारण्याच्या शिक्षेविरुद्ध ते लढले. जेफरसन यांनी लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियाने १७८६ मध्ये मंजूर केला, त्या उपकाराची जाण ठेवून त्यांनी पडायला आलेले घर वाचवले. त्यांची आई रेचेल तिथेच वारली. तिची कबर आजही घराच्या बाजूला आहे. लेव्हींकडेही गुलाम होते, हेही मी लिहिले होते. १८६२ मध्ये ते गेल्यावर वारसांचे खटले १८७९ पर्यंत चालले. तेवढ्या काळात राखणदाराने तळघरात गुरे बांधली आणि दिवाणखान्यात धान्य भरले. मग पुतणे जेफरसन मन्रो लेव्ही यांनी पुन्हा डागडुजी केली आणि १९२३ मध्ये पाच लाख डॉलरला ते आजच्या संस्थेकडे गेले. लेव्ही घराण्याने ८९ वर्षे सांभाळले नसते तर आपल्याला तिथे पाहायला काही उरले असते की नाही, कोण जाणे. दुसऱ्या धर्माच्या, बाहेरच्या समजल्या गेलेल्या एका कुटुंबाने या देशाचे घर जपले, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगायची नाही तर कोणाला?

चौथी, वेळापत्रकाची. आपल्या पत्रकात घर, हिरवळीवर डबे, सामूहिक फोटो आणि भेटवस्तूंचे दुकान आहे. मलबेरी रो नाही. ती घरापासून चार पावलांवर आहे. गुलामांच्या झोपड्या, सुतारशाळा, लोहारशाळा, खिळ्यांचा कारखाना त्या रस्त्यावर होता. खिळे करायला दहा ते सोळा वर्षांची मुले होती. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा माणूस स्वतः लक्ष घालून त्या मुलांच्या खिळ्यांचा हिशेब ठेवायचा. हे त्यांनी स्वतःच एका पत्रात लिहून ठेवले आहे. जेफरसन यांच्या शेतीच्या वहीत नावांच्या याद्या आहेत : कोणाला किती मक्याचे पीठ, किती खारवलेले मासे, कांबळे कोणत्या साली. कांबळे तीन वर्षांतून एकदा मिळायचे. व्हर्जिनियातला जानेवारी कसा असतो ते आपल्याला माहीत आहे.

आणि ज्या पार्किंगमध्ये आपली बस उभी राहणार आहे, त्याला लागूनच झाडीत गुलामांचे कबरस्तान आहे. चाळीसच्या वर माणसे तिथे पुरलेली आहेत. कोण कुठे आहे, कळत नाही. नाव कोरलेला दगड नाही. गेल्या खेपेला मी तिथे गेले तेव्हा ओल्या पाचोळ्यावर कोणीतरी एक चपटी वीट ठेवली होती, एवढेच. आपण पंचेचाळीस मुले घेऊन तिथून शंभर पावलांवर उतरणार आणि तिकडे मान वळवणार नाही, हे मला सहन होणार नाही.

एक गैरसमज दूर करते. मी मुलांना जेफरसन यांचा तिरस्कार शिकवते, असे कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी म्हटल्याचे कानावर आले. माझ्या मूळ मजकुरात जाहीरनाम्याला दीड पान होते आणि ते आजही जसेच्या तसे आहे. सर्व माणसे समान जन्मतात हे त्यांचे वाक्य मी मराठी शाळेत मुलांकडून पाठ करून घेतले आहे. त्या वाक्याच्या लेखकाने आयुष्यात सहाशेहून जास्त माणसे मालकीची ठेवली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, म्हणून दोन्ही एकाच पुस्तिकेत हव्यात. मुले हे समजू शकतात. पगार किती, असे विचारणारा मुलगा समजू शकतो.

माझ्या मागण्या या आहेत.

गाळलेली चार पाने पुस्तिकेत परत घ्या. सहलीला अजून पाच आठवडे आहेत, छपाईला चार दिवस लागतात. जादा खर्च मी स्वतः देईन, वर्गणीला हात लावू नका. ते जमत नसेल तर माझा मूळ मजकूर सर्व पालकांना ईमेलने पाठवा.

'नोकर' हा शब्द काढून 'गुलाम' हा शब्द परत घाला. सर्व नऊ ठिकाणी. यावर मी तडजोड करणार नाही.

सहलीच्या वेळापत्रकात मलबेरी रोसाठी एक तास ठेवा आणि गुलामगिरीविषयी तिथे जी मार्गदर्शकासह फेरी असते, तिच्यात मोठ्या मुलांना न्या. दुकानातला वेळ कमी केला तर हे सहज बसते.

तिथे २०२३ मध्ये जेफरसन यांच्या गुलामगिरीतल्या ६०७ माणसांच्या नावांचे स्मारक उभे राहिले आहे. प्रत्येक मुलाने त्यातले एक नाव वाचून आपल्या वहीत देवनागरीत लिहून आणावे. हा अभ्यास मी घेईन, तपासेन.

बसमध्ये चढण्याआधी दहा मिनिटे कबरस्तानापाशी थांबावे. भाषण नको, कार्यक्रम नको, फोटो नको.

यापुढे कोणाचाही मजकूर कापायचा असेल तर लिहिणाऱ्याला आधी विचारा. आणि या पुस्तिकेत काही बदलणार नसाल, तर मुखपृष्ठावरून माझे नाव काढा. आठ पानांची ही पुस्तिका माझी नाही.

कार्यकारिणीतल्या कोणाशीही माझे वैर नाही. आपण सगळे नोकऱ्या सांभाळून हे मंडळ चालवता, गणपतीत रात्री दोनपर्यंत खुर्च्या आवरता, हे मी पाहिले आहे आणि माझ्या मुलांनी त्यातूनच मराठी उचलली. म्हणूनच हे बाहेर कुठे न कुजबुजता आपल्यालाच उघडपणे लिहिले. येत्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, मी उपस्थित राहीन. मूळ बारा पानांच्या वीस प्रती घरच्या प्रिंटरवर काढल्या आहेत. ज्या पालकांना हव्यात त्यांनी रविवारी वर्गातून न्याव्यात. सहलीला मी मुलांबरोबर येणारच आहे.

आपली,
मराठी शाळेतली एक शिक्षिका आणि मंडळाची आजीव सभासद